रेघा सगळ्या बरोबर, तरी वाडा सपाट

पुण्यातल्या विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग, बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने दिसतो तसा. ए-थ्री कार्ट्रिज कागद, काळा फाइनलायनर. पर्स्पेक्टिव्ह चोख, खांबांमधली अंतरं मोजून घ्यावीत इतकी बरोबर, कोरीव कामातली पाकळी न् पाकळी हजर. एवढं असूनही वाडा सपाट. पुढे आलेला सज्जा पुढे आलाय असं वाटत नव्हतं. फुटपाथला लावलेल्या स्कूटर आणि त्यांच्या मागचं जोतं एकाच पातळीत होतं. वरून गेलेल्या तारा नक्षीतच शिरल्या होत्या.

काढणारे गृहस्थ पासष्टी ओलांडलेले. सिव्हिल ड्राफ्ट्समन म्हणून उभी नोकरी करून निवृत्त झालेले. आमच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात त्यांना सगळे काका म्हणतात, इथेही तेच म्हणते. चित्र सपाट दिसतंय अशी त्यांची तक्रार नव्हतीच. मुलीच्या वास्तुशांतीच्या आमंत्रणावर हे चित्र पोस्टकार्डाएवढं, ए-सिक्स मापात छापायचं होतं. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये प्रूफ काढलं, तर सज्जाखाली करडा लगदा आणि खांबांवरच्या रेघा मधूनमधून तुटलेल्या. प्रेसवाला मुरलेला माणूस. म्हणाला, "काका, काम फार बारीक केलंय तुम्ही, पण यात काळं कुठंय?"

काका ते प्रूफ घेऊन माझ्याकडे आले ते मशीनवर वैतागून. मला मात्र प्रेसवाल्याचा प्रश्नच नेमका वाटला. पुढचे काही महिने आम्ही तोच सोडवत होतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. रेषेच्या जाड-बारीकपणाचा सराव करणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

प्रूफात काय झालं

आधी आकडेमोड, कारण काकांना आकड्यांशिवाय काही पटत नाही.

ए-थ्री ते ए-सिक्स म्हणजे तीन पायऱ्या खाली. ए मालिकेत कागद एक पायरी उतरला की लांबी-रुंदी सुमारे ०.७१ पट होते. तीन पायऱ्यांनी ०.३५ पट. काकांनी अख्खं चित्र मायक्रॉनच्या ०१ आणि ०३ या दोन पेनांनी काढलं होतं. पेनावरच्या या आकड्यांचा अनेकांना चकवा बसतो. ०१ म्हणजे ०.१ मिलिमीटर नव्हे, ०.२५. ०३ म्हणजे ०.३५. आणि ०८ सुद्धा फक्त ०.५०. संचातलं सगळ्यात जाड वाटणारं ०८ हे ०१ च्या आठपट नसून जेमतेम दुप्पट आहे. काकांच्या दोन पेनांमधला फरक तर एक दशांश मिलिमीटरचा. पोस्टकार्डावर उतरताना ०.२५ ची रेघ ०.०९ च्या आसपास आली आणि ०.३५ ची ०.१२ च्या. एवढा फरक भिंगाशिवाय कोण बघणार? छपाईतल्या मापात पाव पॉइंट म्हणजेही साधारण ०.०९ मिलिमीटरच. छपाईत त्याच्याखाली रेघ नेऊ नये असं सांगतात ते उगीच नाही.

शिवाय चित्र ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत स्कॅन झालेलं होतं. मग छपाईत स्क्रीन, म्हणजे ठिपक्यांची जाळी पडते आणि बारीक काळी रेघ ठिपक्यांत फुटते. शाईचं रेखाचित्र लाइन आर्ट म्हणून, निव्वळ काळं-पांढरं, १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके घेऊन स्कॅन करायचं असतं. पुढच्या वेळी तसं केलं. पण नुसत्या चांगल्या स्कॅनने भागलं असतं असं मला वाटत नाही. रेघा तुटल्या नसत्या इतकंच. वाडा सपाट तो सपाटच.

जाडी ठाऊक होती, पण दुसऱ्या कामाची

रेषेची जाडी हा प्रकार काकांना नवा असेल असं समजायचं कारण नाही. ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० ही मालिका त्यांना तोंडपाठ. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. ए मालिकेतल्या कागदाचं प्रमाणही तेच. त्यामुळे ए-टूवर ०.७ ने काढलेली रेघ ए-थ्रीवर छोटी केली की ०.५ ची होते, आणि छोट्या प्रतीवर दुरुस्ती करायला संचातलाच दुसरा पेन चालतो. हे सांगताना काकांचा चेहरा खुलतो. मग रॉटरिंगचे शाईचे पेन, मिनी ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई ब्लेडने खरवडणं, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास, सगळं ओघाने येतं. मी ऐकून घेते. मला आवडतंही.

पण नकाशातली जाडी रेघेची जात सांगते. छेदलेली भिंत जाड, छेदाच्या पलीकडे दिसणारं बारीक, मापाची रेघ त्याहून बारीक. एकदा जात ठरली की रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच राहिली पाहिजे. मध्येच फुगली तर ते काम साहेबांकडून परत यायचं. आता वाड्याच्या चित्रात छेद कुठे होता? सगळंच 'पलीकडे दिसणारं'. म्हणून काकांनी सवयीने सगळंच बारीक ठेवलं. कडा ०३ ने, नक्षी ०१ ने. त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्यात चूक काढायला जागा नाही.

पाहणाऱ्याच्या डोळ्याला मात्र ती रेघ काय काय सांगत नव्हती? सज्जा कुठे संपतो आणि त्याच्या मागचा अंधार कुठे सुरू होतो, जोतं जमिनीवर कुठे टेकतं, सुरूच्या आकाराचे ते खांब तळाशी फुगीर असताना कुठून आत वळतात. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. त्याच्या दर्शनी भागाची सगळी गंमत लाकडी कामाच्या खोलीत आहे. पुढे-मागे, पुढे-मागे अशी थरांची मांडणी. एकाच जाडीच्या रेघेने हे थर एकावर एक इस्त्री केल्यासारखे बसले होते.

टेप काढा

रॉटरिंगची निब म्हणजे बारीक नळी, आत तार. पेन कागदाला काटकोनात धरायचा आणि दाब द्यायचा नाही. दाबला की निब गेली, आणि ती निब स्वस्त नसायची. काकांच्या हाताने अख्ख्या नोकरीत एकच गोष्ट घोटली होती, ती म्हणजे दाब बदलायचा नाही. आता त्याच हाताकडून उलट काम करून घ्यायचं होतं.

सुरुवात टाकाने केली. टाकाच्या निबेला मधोमध चीर असते. स्वतःकडे ओढताना दाबलं की दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते, दाब सोडला की पाती मिटतात. पण तीच निब वरच्या दिशेने ढकलताना दाबली तर टोक कागदात रुततं आणि शाई उडते. काकांनी पाऊण तासात कॅमल शाईची अर्धी बाटली कागदावर आणि उरलेल्यातली थोडी बाहीवर घातली. मला आधी वाटलं, दाबच जास्त होतोय. नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की कागद चारी कोपऱ्यांना टेप लावून बोर्डावर पक्का केलेला आहे. कुठलीही रेघ कुठल्याही दिशेला जायची असो, काका कागद तसाच ठेवून मनगट वाकडं करत होते.

"काका, टेप काढा. कागद फिरवा."

"कागद फिरवला तर आडवी रेघ आडवी आहे हे कळणार कसं, मॅडम?"

प्रश्न रास्त आहे. ड्राफ्टिंगच्या टेबलावर कागद हलला तर टी-स्क्वेअरला अर्थ राहत नाही. पण हाताने काढताना कागदच फिरवायचा असतो, म्हणजे रेघेचा जो भाग जाड हवा तो नेहमी आपल्याकडे ओढला जातो. काकांना हे पटायला फार वेळ गेला नाही. अंगवळणी पडायला गेला. मध्येच हात टेपकडे जायचा.

टाकाच्या जोडीला ब्रश. नंबर ३ चा राऊंड ब्रश आणि रद्दीतले पेपर. पेपर आडवा धरला की कॉलमच्या सीमा आखलेल्या ओळींसारख्या दिसतात, त्यांचा उपयोग करून घ्यायचा. पहिल्या सीमेवर रेघ केसाएवढी सुरू करायची, दुसऱ्या सीमेपर्यंत फुगवत न्यायची, तिसरीवर पुन्हा केसाएवढी संपवायची. पुढच्या ओळीत जाडी दुसऱ्या सीमेच्या अलीकडे आणायची, त्याच्या पुढच्या ओळीत पलीकडे ढकलायची. कोपर टेकवायचं नाही, हात खांद्यातून हलला पाहिजे. मनगटातून काढलेली लांब रेघ कमानीसारखी वाकते, आणि जाडी बदलताना थरथरते ती वेगळीच.

बोरू मात्र मी मुद्दाम दिला नाही. काकांना मोडीची हौस असल्यामुळे त्यांच्याकडे छान कापलेले बोरू आहेत. पण बोरूची जाडी दाबावर ठरत नाही, त्याच्या कापावर आणि रेघेच्या दिशेवर ठरते. एका दिशेला आपोआप जाड, दुसऱ्या दिशेला आपोआप बारीक. अक्षराला ते शोभतं. इथे 'आपोआप' हीच तर अडचण होती.

सराव झाला, चित्र तिथेच

पेपरावरच्या रेघा हळूहळू देखण्या झाल्या. खरंच देखण्या. इतक्या वर्षांची हाताची शिस्त कुठे जाते? थरथर गेली, फुगवटा हवा तिथे यायला लागला. मग काकांनी उत्साहाने वाडा पुन्हा काढला. प्रत्येक रेघ टोकाला बारीक, मध्ये जाड, पुन्हा टोकाला बारीक. खांब, कठडे, कौलं, स्कूटरची चाकं, तारा, सगळ्यांना तीच लय. वाडा आधी सपाट होता, आता सपाट आणि नाचरा झाला.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि खूशही असतात, कारण रेघ सुटी पाहिली तर सुंदर असते. इंटरनेटवर असे सरावाचे कागद ढिगाने दिसतात. पण सगळीकडे सारखीच जाड-बारीक होणारी रेघ आणि सगळीकडे एकाच जाडीची रेघ, दोघींकडून डोळ्याला मिळणारी माहिती सारखीच, म्हणजे शून्य. जाडी कुठे वाढली यावरून पाहणाऱ्याने काही ताडावं, तर ती काही ठिकाणीच वाढलेली हवी ना?

हे मी सांगायच्या आधी काकूंनी सांगितलं होतं म्हणे. त्या रोज दारात रांगोळी काढणाऱ्या. नवऱ्याचं नवं चित्र पाहून म्हणाल्या, "चिमूट सैल सोडली की रेघ जाड पडते हे खरं, पण सगळीकडे सैल सोडून कसं चालेल?"

याच्या उलट्या टोकाची एक सवय आपल्याकडे शाळेपासून लागते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत शेवटच्या दहा मिनिटांत हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'बाह्यरेषा गडद करा'. मग भांडं असो, फूल असो की माणूस, सगळ्याभोवती एक काळं कुंपण. वस्तू मागच्या कागदापासून सुटी दिसते हे खरं, पण कातरून चिकटवल्यासारखी. काकांनी तिसरा प्रयत्न नेमका तसा केला, वाड्याच्या बाहेरून ०८ चं कुंपण घालून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ट, झ, व, स

उपाय काकांच्याच कपाटातून निघाला. ट्रेसिंग पेपर.

पद्धत अशी ठरली. पेन्सिलचं चित्र पूर्ण करायचं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा. लाल पेन्सिलीने फक्त त्या जागा दाखवायच्या जिथे रेघ जाड होणार, आणि प्रत्येक जागेशेजारी एक अक्षर लिहायचं. ट म्हणजे इथे वस्तू टेकते. झ म्हणजे इथे एक वस्तू दुसरीला झाकते. व म्हणजे इथे आकार वळतो. स म्हणजे ही बाजू सावलीत आहे. ज्या जागेला अक्षर देता येत नाही तिथे रेघ बारीकच राहील. आणि साध्या मांडणीत अशा जागा पाचाहून जास्त नकोत. पाच हा आकडा शास्त्रातला नाही, मी ठरवलेला आहे. मर्यादा घातल्याशिवाय माणूस निवड करत नाही म्हणून घातला.

पहिली मांडणी अगदी साधी होती, खिडकीशेजारी टेबलावर एक तांब्या आणि त्याच्या पुढ्यात कांदा. तांब्याचा तळ टेबलाला टेकतो तिथे ट. पण सगळ्या तळाला नाही. पोट खाली वळून जिथे खरोखर टेबलाला भिडतं तेवढ्याच भागाला, आणि तिथेही खिडकीपासून लांबच्या बाजूला जास्त. गळा पोटाला मिळतो त्या खाचेत व. कांद्याची कड तांब्यावरून जाते तिथे झ.

या झ ची गंमत मला सगळ्यात जास्त वाटते. मागची रेघ पुढच्या वस्तूच्या कडेला येऊन आडवी थडकते, तो इंग्रजी टी अक्षरासारखा सांधा असतो. पुढे कोण आणि मागे कोण, हे डोळा मुख्यतः अशा सांध्यांवरून ओळखतो. म्हणून कांद्याची कड अख्खी जाड करायची गरज नाही. तांब्याची रेघ जिथे येऊन थडकते, त्या ठिकाणी कांद्याची कड दोन्ही बाजूंना गव्हाच्या दाण्याएवढी जाड करायची. आणि तांब्याची रेघ तिथे पोचता पोचता बारीक करत, टेकायच्या किंचित अलीकडेच सोडायची. एवढ्याने कांदा पुढे येतो. काकांनी हे केलं, कागद हातभर लांब धरून बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या नकाशात कुणी करू दिलं नसतं."

सगळ्यात अवघड गेलं ते रेघ सोडून देणं. तांब्याच्या खिडकीकडच्या खांद्यावर उजेड इतका होता की कड दिसतच नव्हती. मी म्हटलं, दिसत नाही तर काढू नका. काका म्हणाले, "रेघ उघडी ठेवली तर भांडं गळेल की!" कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, हॅच म्हणजे रेघांचा भराव घालायचा तर आकृती बंद लागते. ती सवय इथवर आली होती. शेवटी त्यांनी एक इंच रेघ सोडली. मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात धाडसी काम तेच.

मग एक रविवार पाताळेश्वरला. जंगली महाराज रस्त्यावरचं हे आठव्या शतकातलं लेणं सरावाला फार सोयीचं आहे, आणि तिथला गोल नंदीमंडप तर विशेष. अखंड कातळातले जाडजूड खांब, वर दगडाचं जड छत, आणि वर्तुळात उभे असल्यामुळे फिरू तसं एक खांब दुसऱ्याला झाकणार. म्हणजे झ ला तोटा नाही. नक्षी जवळपास नाहीच, त्यामुळे काकांना तपशिलात पळून जायला वाव नव्हता. छताची खालची कड सावलीत आहे, ती जाड केली की छताला वजन येतं. वरची कड उजेडात आहे, ती बारीक ठेवली की आभाळ मोकळं राहतं. त्या एका कागदावर काकांनी पहिल्यांदा जाड रेघ छातीठोकपणे ओढली.

तारांचं करायचं काय

वाड्याकडे परत आल्यावर खरी पंचाईत तारांनी केली. विजेच्या, केबलच्या, कसल्या कसल्या तारा बाजीराव रस्त्यावर वाड्यासमोरून जातात. चित्रातून त्या काढून टाकाव्यात असं वर्गातल्या दोघातिघांचं मत पडलं. काकांना ते अप्रामाणिक वाटलं, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

पण तार हा वाकडा प्रश्न आहे. ती सगळ्यात पुढे असते, म्हणजे जाड हवी. ती मुळात बारीक वस्तू असते, म्हणजे जाड काढली तर दोरखंड दिसेल. काकांनी ट्रेसिंगवर सगळ्या तारांना झ दिला आणि गोठ्यात दावी बांधल्यासारखं काहीतरी तयार झालं. यावर जुना तोडगा आहे. पुढची रेघ बारीकच ठेवायची, मागची तोडायची. तार जिथे खांबाची कड ओलांडते तिथे खांबाची रेघ तारेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळी सोडायची. ती पांढरी फट तारेला पुढे आणते. नक्षीवरून जाणाऱ्या तारेसाठी तर नक्षीच थोडी विरळ करायची. काकांनी फटी अगदी एकसारख्या रुंदीच्या काढल्या, फट मोजायचा फीलर गेज लावावा अशा. तेवढं चालायचंच.

नक्षीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागलं. केळफुलाची प्रत्येक पाकळी ०.३५ पटीत टिकणार नव्हती. शेवटी सगळ्यात जवळच्या खांबावरची नक्षी पूर्ण, पुढच्या खांबावर निम्मी, आणि लांबच्या खांबांवर नुसता आकार आणि तळाशी एक व. सज्जाखाली पूर्वी जिथे बारीक रेघांचं जाळं होतं तिथे ब्रशने सरळ काळा पट्टा. प्रेसवाल्याला हवं होतं ते काळं. स्कूटरच्या टायरखाली ट. जोत्याच्या पायाशी ट, पण सलग नाही, स्कूटरच्या मागे जाताना बारीक होत जाणारा.

दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून चित्राची पस्तीस टक्के प्रत काढायची, हा नियम काकांनी स्वतःच घालून घेतला. दोन रुपयांत छापखान्याचा निकाल आधीच कळतो. मोबाइलवर फोटो काढून अंगठ्याएवढा करून पाहिला तरी अंदाज येतो, पण झेरॉक्स जास्त निर्दय, म्हणून जास्त उपयोगी.

फडणीसांचा मुद्दा

मधल्या काळात एकदा काकांनी मला पेचात पकडलं. "शि. द. फडणीसांची रेघ बघा. सगळीकडे सारखीच तर दिसते. मग त्यांना कोण सपाट म्हणतं?"

पुण्यात बसून फडणीसांचं नाव घेतलं की समोरच्याने गप्पच बसायचं असतं, तरी उत्तर दिलं. १९२५ साली जन्मलेल्या या चित्रकाराने दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर शब्दांविना जो विनोद केला, त्यात रेघ स्वच्छ आणि माझ्या डोळ्याला जवळपास एकाच जाडीची दिसते. पण वस्तू एकमेकींपासून सुट्या करण्याचं काम तिथे रंगाची सपाट क्षेत्रं करतात. रेघेवर तो भार नाही, म्हणून ती शांत राहू शकते. शिवाय तिथे खोलीचा आभास हा हेतूच नाही. चित्र झटकन वाचलं जाणं हा हेतू आहे. आर. के. लक्ष्मण आयुष्याच्या अखेरीस पुण्यात होते, त्यांचं काम याच्या दुसऱ्या टोकाला. काळ्या-पांढऱ्यात, वर्तमानपत्राच्या कागदावर, ब्रशच्या रेघेनेच कोट, पोट, खुर्ची सगळं तोलायचं. तिथे जाड-बारीकपणाला पर्याय नाही. काकांचं आमंत्रणही एकरंगी होतं. रंग लावायची तयारी असती तर मी त्यांना कदाचित या वाटेने नेलंच नसतं.

काका म्हणाले, "म्हणजे एकाच जाडीची रेघ चूक नाही." नाहीच. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, बहुधा पुढे कधीतरी माझ्यावर उलटवायला.

दुसरं प्रूफ आणि पुढे

दुसऱ्या प्रूफात वाडा उभा राहिला. सज्जा रस्त्यावर आला, त्याच्याखालचा काळा पट्टा छापून घट्ट उतरला, सगळ्यात बारीक रेघा टिकल्या, कारण ए-थ्रीवर त्या ०.३५ पेक्षा बारीक ठेवल्याच नव्हत्या. जाड जागा ब्रशने दीड-दोन मिलिमीटरपर्यंत गेल्या होत्या, पोस्टकार्डावर त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या झाल्या. म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड यांत पाचपट अंतर. पहिल्या चित्रात ते दीडपटही नव्हतं.

सगळं साधलं असं नाही. लांबच्या खांबांवर काका अजून हात राखून आहेत, तिथली रेघ कशी तरी उरकल्यासारखी दिसते. डावीकडच्या कोपऱ्यातला झाडाचा भाग तर वाईटच आहे. पानांना ट, झ, व, स लावत बसलं तर झाड मरतं. पानांना वेगळी युक्ती लागते, ती या प्रकरणात आलेली नाही. आणि काकूंना पहिलंच चित्र आवडतं. पाकळी न् पाकळी असलेलं. ते त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. लांबून बघण्यासाठी नाही, नाकाजवळ नेऊन बघण्यासाठी म्हणून ते चित्र खरंच चांगलं आहे, हे मलाही मान्य.

सध्या काका पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या चित्रावर काम करत आहेत. १८८६ सालची दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, आणि त्याच्या पायाशी भाजीवाले. मनोरा सुरेख चाललाय. माणसं मात्र पुन्हा एका जाडीची यायला लागली आहेत, नकाशात प्रमाण दाखवायला उभी करतात तशी. त्यावर काकांनी स्वतःच तोड काढली. त्यांना पाचवं अक्षर हवंय, म. इथे काही टेकत नाही, झाकत नाही, वळत नाही, सावलीही नाही. पण पाहणाऱ्याने इथे बघावं म्हणून रेघ जाड, म्हणजे म, महत्त्वाचं. मी आधी नाही म्हटलं, कारण हे दार उघडलं की प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट महत्त्वाची वाटायला लागते. पण त्यांनी तो म एका भाजीवालीच्या तराजू धरलेल्या हाताला लावला होता, आणि तो हात काढून टाका असं काही माझ्याच्याने म्हणवेना. एका चित्रात एकच म, अशी तडजोड झाली आहे. गेल्या रविवारच्या ट्रेसिंगवर दोन होते. दुसरा अगदी बारीक पेन्सिलीने लिहिलेला, मनोऱ्याच्या मागे.